गाऱ्हाणं घालणारे दाजी

प्रिय रोहन आणि मीरा,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुमच्या वेळी टीव्हीवर कॉमेडी असायची का गं?" मी "असायची" म्हटलं आणि विषय बदलला. तुमच्या बाबांच्या ते लक्षात आलं असणार, कारण त्यांनी लगेच मला औषधं वेळेवर घेतेस ना, असं विचारलं. अर्धवट उत्तर देणं मला आवडत नाही. चाळीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवताना मी पूर्ण वाक्यात उत्तर मागत आले. तेव्हा आता पूर्ण सांगते.

आम्ही मुलुंडला राहत होतो, पूर्वेला, तीन मजल्यांच्या सोसायटीत. तळमजल्यावर एका खोलीत आणि स्वयंपाकघरात सखाराम मेस्त्री आणि त्यांची बायको शेवंतीवहिनी राहत. त्यांना मूल नव्हतं. मेस्त्रींना सगळे दाजी म्हणत. मूळचे मालवणकडचे. गिरणीत होते, संपात गिरणी गेली तेव्हा मुलुंडलाच बाटल्यांची झाकणं करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागले. बुटके, काळेसावळे, कानावर केस. पांढरा हाफ शर्ट रोज इस्त्रीचा. हसायचे ते आवाज न करता, नुसते खांदे हलवून. सकाळी मी शाळेत निघाले की जिन्याच्या तोंडाशी उभे असायचे आणि "नमस्कार" वगैरे काही न म्हणता विचारायचे, "बाई, कायच अडला नाय मा?"

कुणाचं काय अडलंय हे विचारणं हे त्यांचं एक प्रकारे कामच होतं. कोकणात गावच्या देवासमोर गाऱ्हाणं घालतात. गावातला ठरलेला माणूस नारळ हातात घेऊन देवाला मोठ्याने सगळं सांगतो: अमक्याचं असं झालंय, त्याचं भलं कर, वाकडं असेल ते सरळ कर. त्याच्या प्रत्येक वाक्याला मागे उभे असलेले लोक एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" दाजींचे वडील गावात गाऱ्हाणं घालत. मुलुंड-भांडुपच्या गाववाल्यांसाठी दाजी घालत. ऑपरेशन असो, मुलाखत असो, नवीन जागेचा ताबा असो, दाजींना बोलावणं यायचं. त्यासाठी ते कधी काही घेत नसत, चहासुद्धा गाऱ्हाणं संपल्यावरच.

तुमच्या बाबांचा कान फुटला होता तेव्हा मी त्यांना बोलावलं नव्हतं; माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि अजूनही नाही. शेवंतीवहिनींकडून कळल्यावर ते स्वतःच आले आणि दारातच उभे राहिले.

"बाई, उजवो कान की डावो?"

"डावा. पण दाजी, डॉक्टरांचं औषध चालू आहे."

"चलू दे मा. खयच्या डॉक्टरांचा? दवाखानो खय?"

"ते कशाला हवंय तुम्हाला?"

"देवाक पत्तो नीट देवक होयो. नायतर तो खयचो कान बरो करतलो?"

त्यांनी वहीत लिहावं तसं सगळं विचारून घेतलं. मुलाचं पूर्ण नाव, मजला, दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो, कान कधीपासून वाहतोय, रात्री तो कोणत्या कुशीवर झोपतो. मग आमच्याच पॅसेजमध्ये उभं राहून गाऱ्हाणं घातलं. होकार द्यायला शेवंतीवहिनी होत्या. मला राहवेना म्हणून मी विचारलं, वहिनी आल्या नसत्या तर? दाजी गंभीरपणे म्हणाले, "होकार नाय तर गाराणा फुडे सरणा नाय, बाई. एकट्याचा देव आयकणा नाय. आणि एकदा सुरू केला की अर्ध्यार सोडूचा नाय. आणि एका कामाक एकदाच." हे तीन नियम. मला त्यांच्यातला हा नेमकेपणा फार आवडला. माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी असता तर मी धन्य झाले असते.

आता टीव्हीचं. त्या काळी दर गुरुवारी संध्याकाळी 'कुरमुरे' नावाचा कार्यक्रम लागायचा. अर्ध्या तासात चार-पाच छोटी नाटुकली, सगळी मुंबईच्या रोजच्या जगण्यावरची. त्याचा लेखक अरविंद आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहायचा. तिशीतला, विस्कटलेल्या केसांचा, खांद्याला झोळी. सोसायटीत पाण्याचा नवा पंप बसवला तेव्हा गाववाल्यांच्या आग्रहावरून दाजींनी त्या पंपासाठी गाऱ्हाणं घातलं. पंपाचा नंबर, मोटरचा नंबर, टाकीला कुठे गळती आहे ते सगळं देवाला सांगितलं. अरविंद जिन्यात उभा राहून ऐकत होता. संपल्यावर धावत आला.

"दाजी, हे झकास आहे यार! हे टीव्हीवर करायचं. मी लिहितो, तुम्ही फक्त उभे राहा."

"माका खयचा येता नाटक?"

"नाटक करूच नका. आत्ता जसं केलंत ना, तसंच करा."

अरविंदने पहिलं गाऱ्हाणं नळावर लिहिलं. शेवंतीवहिनींना ते पसंत नव्हतं. मी त्यांच्याकडे कोकम मागायला गेले होते, तेव्हा दोघांचं चाललं होतं.

"देवाचा बोलणा टीवीर करतलास? लोकांनी दात काढूक?"

"देवाचा नाव खय घेतलंय गो? नळाचा घेतलंय."

"नाव नाय घेतलास म्हणान काय झाला? आवाज तोच मा?"

दाजी खांदे हलवून हसले. त्यांच्या मते हिशेब सरळ होता. देवाचं नाव काढून टाकलं की ते गाऱ्हाणं राहत नाही, नुसतं बोलणं राहतं. बोलण्यात पाप कसलं?

आमच्याकडे लाकडी दारांचा टीव्ही होता. गुरुवारी अर्धी सोसायटी आमच्या बाहेरच्या खोलीत. चपला बाहेर ओळीत लावायच्या आणि मुलांनी पुढे बसायचं, ही माझी शिस्त. नळाचं गाऱ्हाणं झालं आणि लोक लोळले. मग रॉकेलच्या रांगेचं झालं. मग टेलिफोनचं. तेव्हा फोनसाठी अर्ज केला की वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. दाजी एका रिकाम्या स्टुलासमोर नारळ घेऊन उभे.

"बा टेलिफोना म्हाराजा!"

मागे चार नट, माना खाली घालून: "व्हय म्हाराजा!"

"अर्ज केलो तेवा माझो झील पाळण्यात होतो, आता तेच्या झिलाचो पाळणो बांधूचो इलो, तरी तुझी घंटी काय वाजणा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"वायर भांडुपाक अडाकली आसात तर भांडुपासून सोडव. घाटकोपराक अडाकली आसात तर घाटकोपरासून सोडव. सायबाच्या टेबलार अडाकली आसात, तर सायबाक घरी सोडव रे म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात मी "Is that clear?" असं विचारलं आणि मागच्या बाकावरून एका सुरात उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!" सगळा वर्ग फुटला. मी हसले नाही. मी शाळेत हसत नसे. "काळे बाई हसल्या तर शाळेला सुट्टी", असं मुलं म्हणत आणि ते मला माहीत होतं. खरं सांगायचं तर घरीसुद्धा 'कुरमुरे' बघताना मी हसत नसे. दाजींच्या पांढऱ्या शर्टावर टीव्हीवाल्यांनी काहीतरी भडक जाकीट चढवलं होतं, ते मला बघवत नसे.

दाजींना रस्त्यात लोक ओळखायला लागले. बाजारात भाजीवाला गुजराती, पण तोही "व्हय म्हाराजा" म्हणून मूठभर कोथिंबीर जास्त टाकायचा. वांद्र्याहून कुणी दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलं. दाजी खूश होते, ते मी लपवत नाही. झाकणांच्या कारखान्यात माणसाला कोण ओळखतं?

पहिली ठेच तावड्यांकडे लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या तावड्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आली होती आणि बाळ आडवं होतं. दाजींना बोलावलं. दाजी नारळ घेऊन उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "बा देवा म्हाराजा." मागून "व्हय" इतकंच आलं आणि पुढे फसकन हसू. तावड्यांचा जावई तोंडावर रुमाल धरून आत पळाला. दाजीही खांदे हलवून हसले आणि पुन्हा सुरुवात केली, कसंबसं पूर्ण केलं. पोरगी सुखरूप सुटली, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. दाजींना वाटलं असावं. खाली आल्यावर मला म्हणाले, "बाई, आज लोक नव्हते माझ्या मागे."

"होते की. दहा जण तरी होते."

"दहा जण बघूक होते."

मग बोलावणी कमी होत गेली. गाववाल्यांच्या मंडळाचे तात्या राणे एकदा स्पष्टच बोलले, "दाजी, तुमी उभे रवलात की माका टेलिफोन दिसता. माझो इलाज नाय." दाजींनी अरविंदला सांगितलं की आता बस. अरविंद बिचारा चांगलाच मुलगा. त्याने लिहिणं थांबवलं. पण जे लोकांच्या तोंडी बसलं ते थांबवणं त्याच्या हातात नव्हतं.

त्या वर्षी पावसाळा सरताना शेवंतीवहिनींच्या पोटात गाठ निघाली.

सहा महिन्यांपासून त्या दुखणं अंगावर काढत होत्या. इस्पितळात ऑपरेशनची तारीख मिळाली. दाजींचा चेहरा मला आजही दिसतो. ते तारखेबद्दल, डॉक्टरांबद्दल, रक्ताबद्दल काहीच बोलत नव्हते. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती: गाऱ्हाणं कसं घालायचं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी घातलं होतं. आता स्वतःच्या माणसाची पाळी आली तर होकार कोण देणार?

इस्पितळात भरती करायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी गाववाल्यांना घरी बोलावलं. आठ-दहा माणसं आली. शेवंतीवहिनी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मी दारात होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. कुणी ओठ चावत होतं, कुणी जमिनीकडे बघत होतं. ते वाईट लोक नव्हते, मुलांनो. त्यांना खरोखर हसायचं नव्हतं. दाजी "बा देवा" एवढंच म्हणाले आणि कोपऱ्यातल्या एका माणसाच्या नाकातून बारीक आवाज निघाला. त्याच्या शेजारच्याचे खांदे हलायला लागले. तात्या राण्यांनी "गप रे मेल्यांनो!" म्हटलं आणि ते म्हणता म्हणता स्वतःच फुटले.

शेवंतीवहिनी खाटेवरून म्हणाल्या, "हसा रे, हसा. माझ्याच पोटात दुखता म्हणान माका हसाक येणा नाय."

मग तर सगळेच हसले आणि दोघी-तिघी बायका रडायलाही लागल्या. दाजींनी नारळ खाली ठेवला. "सुरू खय झालेला? नुसती हाक मारलेली," असं ते स्वतःशीच पुटपुटले. अर्ध्यावर सोडलं असं होऊ नये, म्हणून ते स्वतःला समजावत होते.

दोन दिवसांनी, ऑपरेशनच्या आदल्या दुपारी, मी शाळेतून परस्पर इस्पितळात गेले. दाजी फाटकाशी उभे होते. हातात पिशवी, पिशवीत नारळ.

"बाई, तुमच्याकडे एक काम हा."

"बोला ना."

"तुमी माझ्या कामाक कधी हसलास नाय. गुरवारी तुमच्या घरात सगळे हसत, मी बघलंय. तुमी नाय." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "तुमी होकार देतलास काय?"

माझा विश्वास नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी ते पुन्हा सांगितलं नाही. मी फक्त विचारलं, "मला नीट म्हणता येईल का?"

"व्हय म्हाराजा. इतक्याच."

इस्पितळाच्या मागच्या बाजूला, जिथे धुतलेल्या चादरी वाळत घालत, तिथे आम्ही गेलो. दुपारची वेळ, आसपास कुणी नाही. दाजींनी चपला काढल्या, मीही काढल्या. त्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. माझा उच्चार कसा होता कोण जाणे, पण आवाज सरळ होता. दाजींनी एक लांब श्वास घेतला. कित्येक महिन्यांनी त्यांच्या मागे कुणीतरी नुसतं उभं होतं.

"आज तुझी लेक शेवंती सखाराम मेस्त्री, मुक्काम मुलुंड, आता हय आणून ठेवलेली हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"दुसरो माळो, बायकांचो वॉर्ड. जिन्याकडसून चौथी खाट. पायथ्याशी हिरवी बालदी हा."

"व्हय म्हाराजा."

"चौथ्या खाटीक एक चाक नाय. चाकाच्या जाग्यार ईट लायली हा. तीच खाट. पाचवीक पण ईट हा, पण ती आडवी. आमची उभी. चुकू नको रे म्हाराजा!"

आणि मी हसले.

का, ते मला आजवर सांगता आलेलं नाही. मला त्या क्षणी आडवी वीट आणि उभी वीट दिसली, विटा तपासत वॉर्डभर फिरणारा देव दिसला. पोटातून काहीतरी वर आलं आणि तोंडातून बाहेर पडलं. बारीक नाही. मोठ्याने. मी पदर तोंडात कोंबला, तरी ते थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी थांबेना.

दाजी रागावले नाहीत. त्यांनी डोळे उघडले, वळून माझ्याकडे पाहिलं. मग वाळत घातलेल्या चादरींकडे पाहिलं.

"दाजी, माझं चुकलं. पुढे म्हणा. मी आता नाही हसणार."

"फुडे कसा म्हणू? मदी होकार तुटलो."

"मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करा."

"एका कामाक एकदाच, बाई." त्यांनी नारळ पिशवीत टाकला. "चला, भेटीची वेळ सरात."

आम्ही वर गेलो. शेवंतीवहिनींचा चेहरा चिमणीएवढा झाला होता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घातलास गाराणा?"

"घातलंय," दाजी म्हणाले.

"होकार कोणी दिलो?"

"बाईंनी."

वहिनी माझ्याकडे बघून इतक्या समाधानाने हसल्या की मला खिडकीकडे बघावं लागलं. "बाईंनी मा? मग बरा झाला. बाई हसाच्ये नाय." दाजी माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. मी, जिने तीस मुलांच्या वर्गात खोटं बोलणाऱ्याला नेहमी उभं केलं, मान हलवून हो म्हटलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि पुन्हा शिवलं. गाठ सगळीकडे पसरली होती, काढता येण्यासारखी राहिली नव्हती. हे आधीपासूनचं होतं, असं त्यांनी दाजींना आणि मला समजावून सांगितलं. मला ते सगळं समजलं. मी समजून घेणारी बाई आहे. चौथ्या दिवशी पहाटे वहिनी गेल्या.

दाजींनी मला कधी एक शब्दही ऐकवला नाही. तेराव्याला मी गोडाची वाटी घेऊन गेले, तर त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं. फक्त सकाळी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभं राहायचं त्यांनी सोडलं. मी शाळेत जाताना त्यांचं दार लोटलेलं असायचं. मी एकदा थांबले होते तिथे, हात वर केला होता कडी वाजवायला. मग घड्याळ बघितलं आणि गेले.

दोन महिन्यांनी त्यांनी कारखाना सोडला, खोली सोडली. गावी जायचं ठरवलं. मंडळाची माणसं कसल्याशा कार्याला गावी निघाली होती आणि त्यांनी एक बस ठरवली होती. त्याच बसमध्ये दाजींना जागा दिली. दुपारी चारची बस, चेक नाक्याजवळून सुटणार होती. तुमचे आजोबा आणि मी पोहोचवायला गेलो. मी पोळीभाजीचं पुडकं दिलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि खिडकीशी जाऊन बसले. मांडीवर वळकटी होती, सुतळीने बांधलेली.

बस निघण्याआधी गाऱ्हाणं घालायची पद्धत. तात्या राणे नारळ घेऊन दाजींच्या सीटपाशी आले. मी खिडकीखाली उभी होते, मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"दाजी, तुमीच घाला," तात्या म्हणाले. "कोण हसाचो नाय. देवाशपथ. कोण हसाचो नाय."

खरंच कुणी हसलं नसतं. मी त्या सगळ्यांचे चेहरे बघत होते. बायका, म्हातारे, तावड्यांचा जावईसुद्धा, सगळे हात जोडून वाट बघत होते.

"माका येणा नाय," दाजी म्हणाले.

"असा काय करतास?"

"माका गाराणा येणा नाय, तात्या. दुसऱ्या कोणाक सांगा."

तात्या नारळ घेऊन पुढे गेले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरचा एक तरुण उठला. त्याला नीट येत नव्हतं. तो अडखळला, गावच्या देवांची नावं मागेपुढे केली, रस्त्यातला एक घाट विसरला. तरी प्रत्येक वाक्यानंतर सगळी बस एका आवाजात होकार देत होती. खिडकीतल्या दाजींचे ओठ मिटलेले होते. एका ठिकाणी त्या मुलाने मोठी चूक केली, आधीचं मागे आणि मागचं आधी घेतलं. दाजींची मान आपोआप हलली, असं नाही, असं नाही. मग त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मान ताठ केली आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. बस सुटली.